मेणाच्या सोळापट

अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कारखान्यात, कॅड म्हणजे संगणकावरच्या आखणीच्या विभागाच्या थंड खोलीत, पडद्यावर एक अंगठी फिरते आहे. ती अजून कुठेच अस्तित्वात नाही, पण तिचं वजन ठरलेलं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं आकारमान लिहिलेलं असतं, २५० घन मिलिमीटर. त्याला धातूच्या घनतेने गुणलं की अठरा कॅरटच्या पिवळ्या सोन्यात ती ३.९ ग्रॅमच्या आसपास भरते, बावीस कॅरटमध्ये ४.४, चांदीत २.६ आणि प्लॅटिनममध्ये पाच ग्रॅमच्या थोडी वर. समोर बसलेला मुलगा अंगठीच्या आतल्या बाजूने थोडी पोकळी काढतो, आकडा खाली येतो. पुन्हा थोडी काढतो, आणखी खाली येतो. गिऱ्हाइकाने वजनाची मर्यादा घालून दिलेली आहे आणि त्या मर्यादेत बसेपर्यंत हे चालणार.

सोनारकामाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या याच्या उलट होता. आधी सोनं यायचं, मग घाट ठरायचा, दागिना घडायचा आणि शेवटी तो तराजूत पडायचा. घट किती धरली, घडणावळ किती लावली यावरून दुकानात जी घासाघीस व्हायची ती त्या शेवटच्या तोलानंतर. आता तोल पहिला आणि सोनं शेवटून दुसरं. या उलटापालटीमुळे दागिना करणाऱ्यांचं काम कसं बदललं, हे पाहायला मी या कारखान्यांत गेलो होतो.

मुंबईत या धंद्याची दोन टोकं आहेत. एक सीप्झ, म्हणजे १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभारलेली वसाहत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे हिरेजडित दागिन्यांचे कारखाने आले आणि आज मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी तिथे माल तयार होतो. दुसरं टोक मुंबादेवीच्या आसपासचं, झवेरी बाजार आणि त्यामागच्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारतींचं. तिथे एकेका खोलीत आठ-दहा कारागीर मांडी घालून बसतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो तीनची मार्गिका पूर्ण झाली, तेव्हापासून सीप्झ आणि काळबादेवी ही दोन्ही स्थानकं एकाच गाडीच्या वाटेवर आली. कामाच्या दृष्टीने ती त्याआधीच जोडली गेली होती. झवेरी बाजारातला लहान सोनारही आता फाइल एकाकडून करून घेतो, मेणाचा नमुना दुसऱ्याकडून छापून आणतो, कास्टिंग तिसऱ्याकडे टाकतो आणि जडाई-पॉलिश आपल्या खोलीत करतो.

कॅडची खोली पाहिली की वाटतं, सगळं काम इथेच होतं. राइनो हे सॉफ्टवेअर १९९८ साली आलं. त्याच्या पायावर दागिन्यांसाठी खास मॅट्रिक्ससारखी सॉफ्टवेअरं उभी राहिली. हाँगकाँगचं ज्वेलकॅड आपल्याकडे आधीपासून वापरात होतं, आणि देवादिकांच्या मूर्ती, पानंफुलं, मोर असं मऊ वळणाचं काम असेल तर झीब्रश. हिरे तयार मिळतात: १.३ मिलिमीटरचा गोल हिरा, साधारण एक सेंट वजनाचा, यादीतून उचलायचा आणि वक्र पृष्ठभागावर पेरायचा. त्याला पकडणारे दाणे आपोआप उगवतात. एका दुपारी शंभर हिऱ्यांचं पेंडंट पडद्यावर तयार होऊ शकतं.

पण गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत दागिन्याचं फक्त तोंड दिसतं. मागची बाजू कशी आहे, हिऱ्याखाली जागा किती आहे, कानाला टोचणारा दांडा कुठून निघतो, पेंडंट गळ्यात उलटं तर फिरणार नाही, यातलं फोटो काहीच सांगत नाही. ‘फोटोतल्यासारखंच हवं’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. माझ्या मते कॅड करणाऱ्याची खरी पारख दागिन्याच्या पाठीवर होते. हिऱ्याखालची जाळी नीट सोडली नसेल तर प्रकाश आत जात नाही, मळ साचतो आणि वर्षभरात हिरा काचेसारखा निस्तेज दिसू लागतो. दुकानात काउंटरवर मात्र दागिना उलटा करून पाहणारे फार थोडे.

पडद्यावरची अंगठी ज्या मापाची असते त्या मापाची ती बोटात येत नाही. वितळलेलं सोनं गोठताना आणि गार होताना आकसतं, त्याआधी मेणही आकसतं, आणि मध्ये रबराचा साचा असेल तर त्याचं आकसणं वेगळं. म्हणून फाइल मुद्दाम मोठी करावी लागते. थेट छापलेल्या नमुन्यावरून ओतायचं असेल तर साधारण दीड-दोन टक्के, रबरी साच्यातून जायचं असेल तर त्याहून बरीच जास्त. दोन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण सतरा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या अंगठीत ते ०.३४ मिलिमीटर होतात आणि आपल्याकडचा अंगठीचा एक नंबर म्हणजे व्यासात जवळपास तेवढाच फरक. हिशेब चुकला तर अंगठी एका नंबराने लहान निघते.

आकसण्याचा हिशेब झाला की झिजेचा. कानस लागेल, एमरी पेपर लागेल, बफ लागेल, आणि प्रत्येक जण आपला वाटा घेईल. हिरा पकडणारा दाणा तयार दागिन्यात ०.४ मिलिमीटरचा हवा असेल तर पडद्यावर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठेवावा लागतो. दोन हिऱ्यांमध्ये जडवणाऱ्याचं हत्यार शिरेल एवढी फट लागते. आतल्या कोपऱ्यात पॉलिशचा ब्रश पोचणार नसेल तर तो कोपरा कायमचा काळपट राहणार, मग तो कोपरा काढायचाच कशाला? हे सगळं पडद्यावर ठरवावं लागतं आणि पडदा यातलं काहीच सुचवत नाही. पडद्यावर सगळंच आधीपासून लख्ख पॉलिश केलेलं दिसतं. या विषयात मला सांगायचं आहे ते एवढंच: डिजिटल डिझाइन ही पुढच्या पाच-सहा जोड हातांना लिहिलेली चिठ्ठी असते. ज्याने ते हात पाहिले आहेत त्याची चिठ्ठी वाचता येते. ज्याने पाहिले नाहीत त्याची चूक पुढचा कारागीर कानशीने निस्तरत बसतो, आणि त्या वेळेची मजुरी त्याला कुणी वेगळी देत नाही.

फाइल तयार झाली की ती छपाई यंत्राकडे जाते. प्रकाशाने द्रव राळ थरावर थर गोठवून वस्तू उभी करण्याच्या तंत्रासाठी अमेरिकेतल्या चक हल यांनी १९८४ साली पेटंटचा अर्ज केला. दागिन्यांच्या धंद्यात ते रुजलं ते त्यानंतर, थर पुरेसे बारीक झाल्यावर आणि राळ मेणासारखी जळून जाऊ लागल्यावर. कारखान्यात दोन प्रकारची यंत्रं दिसतात. एकात अतिनील प्रकाशाने राळ गोठते. दुसऱ्यात खऱ्या मेणाचे सूक्ष्म थेंब पडतात आणि अधांतरी भागांना आधार देणारं वेगळं मेण नंतर विरघळवून टाकलं जातं. एक थर २५ मायक्रॉनचा धरला तर २४ मिलिमीटर उंचीची अंगठी ९६० थरांची होते. अंगठी यंत्रात उभी ठेवायची, आडवी की तिरकी, हा निर्णय चालवणाऱ्याचा. प्रत्येक वक्र भागावर थरांच्या पायऱ्या उमटतात आणि त्या कुठे उमटाव्यात हे त्या कोनावर ठरतं. समजूतदार माणूस त्या अशा बाजूला पाडतो जिथे कानस सहज पोचते.

एकच नग करायचा असेल तर हाच छापील नमुना ओतण्यासाठी जातो. शंभर नग हवे असतील तर आधी चांदीत एक मूळ नमुना ओततात, तो हाताने साफ करून तुळतुळीत करतात आणि त्यावरून रबरी साचा बनवतात. कच्च्या रबराच्या थरांमध्ये तो नमुना दाबून दीडशे अंशांच्या आसपास भाजला की रबर एकजीव होऊन ठोकळा तयार होतो. मग तो कापायचा. मला या साऱ्या प्रवासात सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते या कामापाशी. शस्त्रक्रियेत वापरतात तसलं पातं घेऊन कारागीर बंद ठोकळा एका बाजूने उघडत जातो. आत धातूचा नमुना आहे, तो दिसत नाही, पण पातं त्याला ओरखडा न पाडता त्याच्या कडेकडेने गेलं पाहिजे. कापाची रेघ दागिन्याच्या अशा धारेवर यायला हवी जिथे मेणावर उमटणारी बारीक शिवण लपेल. कडेला तो मुद्दाम नागमोडी कापतो, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा मिटताना एकमेकांत अचूक बसतात. हे करताना तो रबर बोटांनी ताणून धरतो आणि पात्यापेक्षा ताणाकडे जास्त लक्ष देतो. सॉफ्टवेअरमध्ये साचाही आखता येतो, धातूचा साचा यंत्रावर कोरताही येतो. तरी हे काम अजून हातानेच चालतं, कारण इथे दहा मिनिटांत होणारी गोष्ट तिथे कित्येक तास घेते.

मेण विभागात बायकांची संख्या डोळ्यांत भरते. विरार, बदलापूर, कल्याणहून पहाटेच्या लोकल धरून येणाऱ्या या बायका दिवसभरात शेकडो मेणाचे नग काढतात. साचा यंत्राच्या तोंडाला लावायचा, सत्तर अंशांच्या आसपास तापलेलं मेण हवेच्या दाबाने आत शिरतं, काही क्षण थांबायचं, साचा उघडायचा आणि मेणाची अंगठी न वाकवता सोडवून घ्यायची. बुडबुडा राहिला असेल तर तापलेल्या सुईने भरायचा. काही कारखान्यांत हिरेही मेणातच बसवतात. त्या हिऱ्यांसकट साचा भट्टीत जातो आणि सोनं त्यांच्याभोवती ओतलं जातं. मेण मऊ असल्याने हे काम झपाट्याने होतं, पण हिरा तापमान सोसतो म्हणूनच ते शक्य आहे. पाचूच्या बाबतीत असं धाडस कुणी करत नाही.

तयार नग मेणाच्या एका दांड्याला भोवताली तिरके चिकटवले की त्याला ट्री म्हणतात. ही ट्री तराजूवर ठेवतात आणि तिच्या वजनावरून किती धातू वितळवायचा ते ठरतं. मेणाच्या वजनाला धातूच्या पटीने गुणायचं, एवढंच.

हा गुणाकार फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३१ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. मेणाची मूर्ती करावी, तिला नळ्या जोडाव्यात, मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावं आणि त्या पोकळीत धातू ओतावा. धातू किती घ्यावा तेही त्यात सांगितलं आहे: चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट. मेण पाण्याहून किंचित हलकं असतं, त्यामुळे शुद्ध सोन्याला ही पट वीसपर्यंत जाते. पण आजच्या अठरा कॅरटच्या सोन्याचा हिशेब केला तर उत्तर जवळजवळ तंतोतंत सोळा येतं. सीप्झमधल्या संगणकात जो आकडा भरलेला आहे तो कल्याणीच्या दरबारात माहीत होता. आणि ही रीत त्याही आधीची. १९२६ साली मोहेंजोदडोत सापडलेली साडेदहा सेंटिमीटरची कांस्य नर्तिकाही मेण गाळूनच ओतलेली आहे.

दागिन्यांच्या कारखान्यात मात्र ही पद्धत सोनारांकडून आली नाही, दाताच्या डॉक्टरांकडून आली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली दातातल्या खड्ड्याचा मेणाचा नमुना घेऊन सोन्याचं भरण अचूक ओतण्याची रीत दाखवली. पुढे टी. जी. जंगरसन यांनी रबरी साचा आणि मेण यांची सांगड घालून दागिन्यांसाठी पेटंट घेतलं. ते पेटंट १९४९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवलं. नवं काही नसून जुन्याच क्रियांची जुळवणी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. जगभरच्या कारखानदारांना रान मोकळं झालं.

ट्री पोलादी नळकांड्यात उभी करतात आणि भोवती सिलिका आणि जिप्समची पांढरी पावडर पाण्यात कालवून ओततात. मिश्रण भज्याच्या पिठाइतकं सरसरीत हवं, आणि हाताशी वेळ जेमतेम नऊ-दहा मिनिटांचा, कारण मग ते घट्ट होऊ लागतं. तेवढ्यात निर्वात पंपाखाली त्यातली हवा काढून घ्यावी लागते. हवेचा एक बुडबुडा मेणाला चिकटून राहिला तर सोन्यावर तिथे गोळी उमटते. ही पावडर कोरडी असताना हवेत उडते, आणि त्यातली बारीक सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही. चांगल्या कारखान्यांत धूळ शोषणारी यंत्रणा आणि मास्क असतात. गल्लीतल्या खोल्यांत मी तोंडाला नुसता रुमाल बांधलेली माणसं पाहिली. दागिन्याच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्या सगळ्यांनी हा रुमाल एकदा पाहावा असं मला फार वाटतं.

रात्रभर नळकांडी भट्टीत असतात. तापमान टप्प्याटप्प्याने चढवत सातशे अंशांच्या पुढे नेतात आणि मग ओतण्याजोगं खाली आणतात. साधं मेण वितळून वाहून जातं. छापलेली राळ मात्र वितळत नाही. ती आधी फुगते आणि मग जळते. फुगताना साचा तडकू शकतो, जळताना राख राहू शकते. राखेतला कार्बन उरला तर तो जिप्समशी झगडून गंधकाचा वायू सोडतो आणि सोन्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. ती छिद्रं ओतल्यावर लगेच दिसत नाहीत. पॉलिश करताना वरचा थर निघाला की एकदम वर येतात, म्हणजे सगळी मजुरी घालून झाल्यावर. राळेच्या नमुन्यांना भट्टीत जास्त वेळ आणि जास्त हवा द्यावी लागते ती याचसाठी. हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. भट्टी सांभाळणाऱ्या माणसाला ते माहीत असतं.

ओतणं त्या मानाने क्षणात होतं. प्रवर्तन भट्टीतल्या मुशीत, आरगॉन वायूच्या आवरणाखाली, सोनं हजार अंशांच्या आसपास वितळतं, बूच उघडतं, वरून दाब आणि खालून निर्वात, आणि धातू साच्यात जाऊन बसतो. चार-दोन मिनिटांनी लाली ओसरली की नळकांडं पाण्यात बुडवतात. प्लास्टर मोठ्याने फुटून सुटं होतं आणि आतून काळपट, खडबडीत, सोन्याची ट्री बाहेर येते. ज्याने पडद्यावरची लख्ख अंगठी पाहिली आहे त्याला हीच ती हे पटवून द्यावं लागतं.

इथून पुढे सगळं हाताचं. कात्रीने नग तोडायचे, दांड्याचा उरलेला खुंट घासायचा, कानस, एमरी, मग जडाई, मग पॉलिश. या बाकांवर बसणारे बहुतेक कारागीर बंगालचे, हुगळी, हावडा, मेदिनीपूर भागातले. जडाईच्या बाकावर लाखेत रोवलेली अंगठी असते आणि डोळ्याला भिंग. १.३ मिलिमीटरचा हिरा मेणाच्या काडीने उचलून खळीत ठेवायचा, सरळ बसला का ते तिरक्या प्रकाशात बघायचं, दाणा त्याच्यावर ढकलायचा आणि वाटीच्या तोंडाच्या हत्याराने त्याला गोल डोकं द्यायचं. जोर जास्त लागला तर हिऱ्याची कड उडते, कमी पडला तर सहा महिन्यांनी हिरा पडतो. शंभर हिऱ्यांच्या पेंडंटमध्ये हे शंभर वेळा, आणि दाणे चौपट. संगणकाने हिरे पेरायला एक दुपार घेतली होती. जडवायला पूर्ण दिवस पुरत नाही.

प्रत्येक विभागातून दुसऱ्याकडे जाताना नग बॅगेसकट तोलला जातो आणि घट लिहिली जाते. बाकाखाली कातडी झोळी किंवा बंद पेटी, हात धुतलेलं पाणी टाकीत, जमिनीवरचा केर डब्यात, सुटी होताना झडती. पॉलिशच्या धुळीतलं सोनंही परत मिळवतात. पूर्वी सोनार आळीतला केर धुऊन कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांची उपजीविका यावर चाले. झवेरी बाजाराच्या गटारांतला गाळ गोळा करणारी माणसं अजून दिसतात. कारखान्यांच्या गाळण्या जितक्या बारीक होत जातात तितकं त्यांच्या वाट्याला कमी उरतं.

धातूत थेट छपाई करणारी यंत्रंही आली आहेत. सोन्याच्या बारीक भुकटीचे थर लेसरने वितळवून जोडणारं यंत्र युरोपात २०१४ साली बाजारात आलं. सीप्झमध्ये जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत रत्नम’ या सामायिक सुविधा केंद्रातही धातूची त्रिमितीय छपाई आहे. एकात एक अडकलेल्या कड्या, आतून पोकळ जाळ्या, असं ओतता न येणारं काम त्यावर होतं. पण यंत्रात किलोंनी सोन्याची भुकटी भरून ठेवावी लागते आणि निघालेला पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा असतो. म्हणजे पुन्हा कानस.

सोन्याच्या भावाने या सगळ्याला आता वेगळीच दिशा दिली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखाला टेकला. त्याच वर्षी जुलैत नऊ कॅरटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावल्याने सीप्झचे कारखाने हवालदिल झाले. या सगळ्याचा कॅडच्या खोलीत एकच अर्थ होतो, वजन कमी करा. अंगठी मागून पोखरा, पट्टी पातळ करा, दाणे बारीक करा. संगणकाला हे फार सोपं जातं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. अंगठीच्या तळाची पट्टी सव्वा मिलिमीटरच्या खाली नेली तर आज ती सुंदर दिसेल, पण भाजीची पिशवी उचलताना रोज थोडी वाकेल. आईची पाटली लेकीने आणि लेकीची नातीने घालायची, ही आपली दागिन्याकडून अपेक्षा. पडद्यावरच्या आकड्याला ती अपेक्षा माहीत नाही. ती माणसानेच घालायला हवी आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगायला हवं.

आपले जुने दागिने मात्र या वाटेने सहसा येत नाहीत. ठुशीचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ. बोरमाळेचे तसेच. पत्रा पाव मिलिमीटरहून पातळ असू शकतो. ओतलेल्या सोन्याची भिंत पाऊण मिलिमीटरच्या खाली गेली की धातू सगळीकडे पोचेल याची खात्री उरत नाही. तीच ठुशी ओतून केली तर कितीतरी जड होईल आणि गळ्यात तशी लवणार नाही. नथीचं सगळं कसब मोती सोन्याच्या तारेत ओवून बांधण्यात आहे. त्यात ओतण्यासारखं काही नाही. कोल्हापुरी साजाची पानं ठशावर उठवलेली असतात. इथे मात्र संगणक शिरला आहे, कारण तो ठसाच आता पडद्यावर आखून यंत्राने पोलादात कोरता येतो. मत्स्य, कूर्म यांच्या आकृत्या त्यामुळे जास्त रेखीव झाल्या आणि सगळ्या एकसारख्याही झाल्या. जुन्या साजात दोन घरांतला कूर्म वेगळा असायचा. मला तो वेगळेपणा जपण्यासारखा वाटतो, आणि तो फाइलमध्येही जपता येईल. जुन्या घरांतले साज मोजून, स्कॅन करून त्यांचे ठसे नोंदवून ठेवायला कुणी बसलं तर.

मराठी सोनारांच्या हातून काम गेलं त्याचा दोष संगणकाला देता येणार नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटवर हात बसलेल्या घराण्यांचे बाक रिकामे झाले, देशभरात सोनारांच्या आत्महत्या झाल्या. त्या नियमांच्या जागी आलेला १९६८ चा कायदा पुढे १९९० मध्ये रद्द झाला, पण तोवर एक पिढी दुसऱ्या नोकऱ्यांत गेली होती. संगणक आला तेव्हा रिकाम्या जागेत बंगालचे कारागीर बसलेले होते. आता त्याच जुन्या घराण्यांतली काही मुलं परत येताना दिसतात, पण कानशीच्या बाकावर नव्हे, कॅडच्या खुर्चीवर. हे मला चांगलं लक्षण वाटतं. अंधेरीतल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरीसारख्या संस्थेत मुलं सॉफ्टवेअरसोबत बाकावरचं कामही शिकतात. पण गल्लोगल्ली चालणाऱ्या तीन महिन्यांच्या क्लासांत बाक नसतो, फक्त पडदे असतात. तिथून निघालेल्या मुलाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कारखान्याने जडाईवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसवलं, तर पुढची कितीतरी वर्षं कितीतरी हिरे पडायचे वाचतील.

तयार अंगठी शेवटी हॉलमार्किंग केंद्रात जाते. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख लेसरने कोरली जाते. ती ओळख सरकारी ॲपमध्ये घातली की शुद्धता कळते, सराफाची नोंदणी कळते, तपासणी कुठे झाली ते कळतं. अंगठी कुणी आखली आणि कुणी जडवली, ते कुठेच नोंदलेलं नसतं.

मग ती विकली जाते, आणि काही वर्षांनी मापासाठी परत येते. बोट जाड झालेलं असतं. तेव्हा झवेरी बाजारातला कारागीर तिला तळाशी करवतीने कापतो, टोकं अलगद फाकवतो, त्याच कॅरटचा तुकडा मध्ये घालून झाळतो, कानस मारतो आणि पॉलिश करून देतो. आखणाऱ्याने खालचा तिसरा हिस्सा साधा सोडलेला असेल तर हे तासाभराचं काम. सभोवार हिरे पेरलेले असतील तर कापायला जागाच नसते, आणि ताण दिला तर दाणे सैल होतात. अशा वेळी अंगठी नवीन करावी लागते. जुनी फाइल उघडते, पण नुसती ताणून भागत नाही, कारण हिरे ताणले जात नाहीत. तीन नंबर मोठी करायची तर घेर तीन मिलिमीटरने वाढतो, दोन हिरे जास्तीचे बसवावे लागतात, दाण्यांची सगळी मांडणी पुन्हा करावी लागते, आणि कोपऱ्यातला वजनाचा आकडा पुन्हा गिऱ्हाइकाला विचारावा लागतो.